इतर नावे : नाहीत

सातवीच्या वर्गाला मी अठरा-एकोणीस वर्षं उत्तर अमेरिका शिकवली. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून पंचमहासरोवरं, मिसिसिपीचं खोरं, गव्हा-मक्याची मैदानं दाखवायची, आणि मुलांनी 'बाई, तुम्ही गेलात का तिकडं?' असं विचारलं की 'वही काढा' म्हणायचं. मी मुंबईच्या पलीकडं फारशी कुठं गेले नव्हते. तरी त्या नकाशाच्या बरोबर मध्यावर माझं एक माणूस राहत होतं, त्यामुळं तो देश मला परका वाटायचा नाही.

ते माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. नव्वदच्या सुमाराला दादा नोकरीसाठी तिकडं गेला आणि मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात स्थिरावला. आधी दोन-तीन वर्षांनी यायचा. मग त्याच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि त्याचं इकडं येणं कायमचं थांबलं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. एका रविवारी म्हणाला, "मला काही येता यायचं नाही गं आता. तूच ये. लवकर ये." 'लवकर' हा शब्द दादा कधी वापरायचा नाही. फोन ठेवला आणि मी ह्यांना म्हटलं, "आपण जायचं. येत्या मेमध्ये."

हे सिन्नरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. कुठलंही काम आलेखाच्या कागदावर आखल्याशिवाय ह्यांना सुचत नसे. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरला गेला आणि बारा दिवसांची आखणी सुरू झाली. पहिल्या दिवशी न्यूयॉर्क. मग नायगारा. मग दादाकडं दोन दिवस. मग कॅलिफोर्निया.

"दादा मधोमधच आहे ना, म्हणजे वाटेतच पडतो," हे म्हणाले.

"वाटेत? पुण्याला जाताना सिन्नर लागतं तसा?"

"अगं, दोन बोटांचं तर अंतर आहे."

"ती दोन बोटं म्हणजे इथून कन्याकुमारी. भूगोल कोण शिकवतं या घरात?"

हसण्यावारी नेलं, पण मी आतून भडकले होते. मला देश बघायचा नव्हता, दादाला बघायचं होतं. तसं मी तोंडावर सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. "जन्मात एकदा चाललोय," एवढंच म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. लग्नानंतर आम्ही दोघं दोघांसाठी म्हणून कुठंही गेलो नव्हतो. आजारपणं, मुलीचं शिक्षण, ह्यांच्या पाळ्या, यांतच वीस-बावीस वर्षं गेली होती. पण त्या दिवसांत मला कुणाची बाजू समजून घ्यायची नव्हती. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. मग ह्यांनी खोडरबर घेऊन कॅलिफोर्निया पुसलं आणि दादाच्या नावापुढं आठ दिवस लिहिले. धबधबा ठेवला. मीही तेवढं चालवून घेतलं.

व्हिसासाठी दादाचं आमंत्रणाचं पत्र आलं. 'माझी सख्खी बहीण' असं लिहून पुढं माझं नाव होतं. माहेरचं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं.

इथं सांगायला हवं की माझ्या लग्नात माझं नाव बदललं. आडनाव तर बदललंच, पण पाळण्यातलंही. आमच्याकडं तशीच रीत होती. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यांत नवं नाव लिहिलं, आणि ते वाचून मला कळलं की उद्यापासून मी कोण. माझं पाळण्यातलं नाव दादानं ठेवलं होतं. सात वर्षांचा होता, हेच ठेवा म्हणून बारशाच्या दिवशी हटून बसला होता म्हणे. आई-वडील गेल्यावर त्या नावानं हाक मारणारा तो एकटाच उरला. दोन्ही नावं इथं लिहीत नाही. एकाचा मला मनापासून कंटाळा आहे आणि दुसरं आता कुणी वापरत नाही.

पत्रातलं ते नाव बघून मला इतकं बरं वाटलं, की ते पासपोर्टावरच्या नावाशी जुळत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मुलांच्या वह्यांतल्या चुकलेल्या वेलांट्या शोधून काढणारी बाई. पत्र दोनदा वाचलं, घडी घालून फाइलीत ठेवलं.

फॉर्म ह्यांनी भरला. सुवाच्य, ड्रॉइंगवर लिहितात तशा अक्षरात. एका रकान्यात विचारलं होतं, याआधी वापरलेली इतर नावे. ह्यांनी 'नाहीत' असं लिहिलं.

"अहो, माझं माहेरचं नाव?" मी विचारलं.

"ते कशाला? इतर नावं म्हणजे खोटी नावं गं. नाव बदलून फिरणाऱ्या लोकांसाठी आहे तो रकाना. तू काय चोर आहेस?"

"पण ते माझं नाव होतं."

"होतं ना? आता कुठं वापरतेस?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि लिहायचं म्हटलं तर त्याचं स्पेलिंग कसं करायचं?"

तिथंच मी बोलायला हवं होतं. हे वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखरच वाटत होतं की बायकोचं माहेरचं नाव म्हणजे इतर नाव नव्हेच, ते लग्नात संपलं. माझा मात्र असा काही तिळपापड झाला, की एकही शब्द न बोलता मी खाली सही ठोकली. सासरच्या नावाची.

मुंबईला वकिलातीत खिडकीपलीकडं एक गोरी बाई होती. सभ्य, हसतमुख. तिनं पत्र वाचलं, पासपोर्ट पाहिला, पुन्हा पत्र वाचलं. ही बहीण कोण, तिनं विचारलं. मी म्हटलं, मीच. हे पुढं सरसावून समजावून सांगू लागले, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ती म्हणाली, असेल. मग तिनं फॉर्म उलटा करून आमच्यासमोर धरला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग इथं 'नाहीत' असं का लिहिलंत?

तिचं काहीच चुकलं नाही. माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मीही तेच विचारलं असतं. ह्यांनी मान पुढं करून तो रकाना पुन्हा वाचला. मी तर खाली बघत होते. पासपोर्ट परत मिळाला, सोबत नकाराचा छापील कागद.

येताना बस कसारा घाट चढत होती. घाट संपल्यावर हे म्हणाले, "चुकलं माझं." मी खिडकीबाहेरच बघत राहिले. एका शब्दानं त्यांना मोकळं करता आलं असतं, तेवढंही मी केलं नाही.

रविवारी दादाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्याचा आवाज त्या दिवसांत बारीक झाला होता, मध्ये मध्ये दम लागायचा.

"मग पत्रात काय लिहायला हवं होतं?"

"सासरचं नाव, दादा."

पलीकडं कागद ओढल्याचा आवाज आला. मग तो ओशाळून म्हणाला, "काय गं ते? मला आठवतच नाहीये. लग्नात ऐकलं होतं फक्त."

मी सांगितलं. त्याला नीट ऐकू गेलं नाही. मग मी एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेले आणि तो ते लिहून घेत गेला. माझ्या सख्ख्या भावाला मी माझं नाव सांगत होते, एखाद्या दुकानदाराला पावतीसाठी सांगावं तसं. शेवटी त्यानं सगळं परत वाचून दाखवलं. "बरोबर?" म्हणाला. मी म्हटलं, "बरोबर." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्यांनी ऐकलं असणार. ते आत आले नाहीत, आणि आले नाहीत हेच बरं केलं.

मग ह्यांनी चुकीची भरपाई करायची म्हणून रजा टाकून धावपळ केली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात तशी जाहिरात दिली. प्रतिज्ञापत्रावर मला दोन्ही नावांच्या सह्या करायला लावल्या. जुनी सही करताना हात अडखळला. ती शाळकरी मुलीची सही होती, तेवढीच राहिलेली. दादाचं नवं पत्र आलं. पुन्हा तारीख मिळायला पावसाळा सरला. या वेळी त्या रकान्यात ह्यांनी माझं नाव स्वतः, मला विचारून, लिहिलं. व्हिसा मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं, बारा दिवसांचा कागद पुन्हा टेबलावर आला, आणि ह्यांनी न सांगता धबधबाही पुसून बाराच्या बारा दिवस दादाला दिले.

तिकिटं हातात यायच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. रविवार नव्हता. घंटा वाजली तेव्हाच मला कळलं.

लोक विचारतात, व्हिसा होता तर नंतर का गेला नाहीत. काय बघायला जायचं होतं? हे एकदा हळूच म्हणाले होते, वहिनींना तरी भेटून येऊ. मी नाही म्हटलं. ह्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही त्यांना आजवर त्या 'नाहीत'बद्दल बोलले नाही. सही माझी होती.

दादाचं ते दुसरं पत्र माझ्याकडं आहे. मजकूर टाइप केलेला, कुणीही कुणासाठी लिहावा तसा. नावाची जागा मात्र मोकळी सोडून त्यानं ती हातानं भरली आहे. अक्षरं वरखाली झाली आहेत, पण चूक एकही नाही. त्याच्या हातचं माझ्याकडं असलेलं शेवटचं अक्षर म्हणजे ते नाव, आणि त्या नावानं त्यानं मला कधीच हाक मारली नव्हती.