खिडकीत वाळत घातलेलं फडकं

खून, दरोडे, दंगली यांचे तपशील आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं फरशी पुसायचं एक फडकं मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. हद्दीतल्या एका विद्यापीठानं कंत्राटी कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवलं होतं. त्यांनी संघटना काढली, तर "या संघटनेला आम्ही ओळखत नाही" असं उत्तर मिळालं. मग गेटसमोर मंडप उभा राहिला आणि साखळी उपोषण सुरू झालं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी बेलभंडारा उचलला, म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली. सगळ्यांना परत घेईपर्यंत आणि संघटनेला मान्यता मिळेपर्यंत आतल्या कामाला कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडं ही शपथ मोडणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

बंदोबस्त बघायला मी रोज सकाळी मंडपात जायचो. प्राणिशास्त्र विभागातले एक म्हातारे परिचर तिथं कायम दिसायचे, रात्रीही तिथंच असायचे. त्यांना सगळे मामा म्हणत. कुणाची पोरगी आजारी, कुणाच्या घरी लग्न, की त्याच्या पाळीला मामा उपोषणाला बसायचे.

"मामा, जेवता तरी कधी?" मी एकदा विचारलं.

"एकट्यासाठी कोण चूल पेटवतंय साहेब? हितं माणसं तरी हाईत," ते हसून म्हणाले. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं.

अखेर कामगार कार्यालयात विद्यापीठ आणि संघटनेची बैठक ठरली. नेमके आदल्या दिवशी सकाळी कुलसचिव तावातावानं ठाण्यात आले. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप कुणीतरी तोडलं होतं. माशांची एक काचपेटी फुटली होती, मासे मेले होते. हे संघटनेचं काम आहे, तिच्या अध्यक्षबाईंवर गुन्हा दाखल करा, असं त्यांचं म्हणणं.

"गुन्हा दाखल झाला की उद्याची बैठक रद्द, असंच ना?" मी विचारलं.

"गुंडांशी कसली चर्चा?" ते म्हणाले. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि आधी चौकशी होईल एवढंच सांगितलं.

अध्यक्षबाई परीक्षा विभागात लिपिक होत्या. मी बोलावलं तर एकट्याच आल्या आणि खुर्चीवर ताठ बसल्या. "साहेब, अटक करायची तर करा की! पण माझ्या माणसांनी एक काच फोडलेली न्हाय. मी छातीला हात लावून सांगते."

पण गेटसमोरच्या चहावाल्यानं खबर दिली, "उजाडायच्या आधी मंडपातनंच एक जण उठून आत गेलता साहेब. मफलर गुंडाळलेला." म्हणजे माणूस मंडपातलाच होता. बाईंच्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवणार?

मी पंच घेऊन प्रयोगशाळेत गेलो. कडी उचकटलेली होती. फुटक्या काचा कोपऱ्यात नीट गोळा केलेल्या. मेलेले मासे एका ताटलीत ठेवलेले. बाकीच्या पेट्यांत स्वच्छ पाणी आणि मासे मजेत फिरतायत. फरशी कोरडी, लख्ख. आणि खिडकीच्या गजावर पिळून, चारी टोकं ताणून वाळत घातलेलं ते फडकं. मी हात लावला, अजून ओलं होतं. तोडफोड करणारा माणूस फरशी पुसत बसत नाही हो!

मी तडक मंडपात गेलो. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय ओ, काम झाल्यावर फडकं खिडकीत ताणून वाळत घालायची सवय कुणाची?"

सगळा मंडप हसला. "मामांची! दुसरं कोण? पिरगळून ठेवलं की वास मारतंय म्हणून आमास्नी शिव्या घालत्यात!" दोघीतिघी एकदमच ओरडल्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मामांनी मान खाली घातली.

मी त्यांना ठाण्यात आणलं, चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही.

"खिडकीतनं बघितलं, पाणी हिरवं झालतं. मासं वर येऊन तोंडं उघडत हुती," ते हळूच म्हणाले. "घरात माझी वाट बघणारं कोण न्हाय साहेब. ती तेवढी मला बघून काचंपाशी येत्यात. पाणी बदलाय गेलतो. हात वला हुता, पेटी निसटली." आणि मग त्यांना रडूच कोसळलं. "मला आत टाका. पर मंडपात सांगू नका. बेलभंडारा उचललाय मी."

मी खरं तेच सांगितलं. त्यांचा जबाब झाला तर तोडफोडीचा आरोप टिकणार नव्हता, बाईंवरचा आळ जाणार होता, बैठक होणार होती. पण जबाब झाला की संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांना कळणार होता.

मामांनी मफलरनं डोळे पुसले. "लिवा," ते म्हणाले. "पर त्यास्नी मीच सांगतो."

मंडपात त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं. विद्यापीठातल्याच एका तरण्याबांड शिपायानं विचारलं, "शपथ घेऊन आत गेलासा?" बाकीच्यांनी माना फिरवल्या. अध्यक्षबाई एवढंच म्हणाल्या, "बसा, मामा." मामा बसले. त्यांच्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. मला त्या रिकाम्या जागेचा राग आला, आजही येतो.

कुलसचिवांना तक्रार मागं घ्यावी लागली. मामांना मी समज देऊन सोडलं. बैठक झाली, मान्यता मिळाली, सगळ्यांना कामावर घेतलं, मामांनाही. गेटवर गुलाल उधळला, हलगी कडकडली, माझ्या वर्दीवरही गुलाल पडला. मामा रिकाम्या मंडपात एकटे सतरंज्यांच्या घड्या घालत होते. त्यांचा चेहरा गुलालावाचून कोराच होता.

मी माझ्या खांद्यावरचा गुलाल चिमटीत घेऊन त्यांच्या कपाळाला लावला. "जिंकलासा की मामा!"

"व्हय," ते म्हणाले. "पर साहेब, आता रातचं बसायचं कुठं?"

माणूस कशासाठी कुलूप तोडतो ते मी त्या केसमध्ये शिकलो. मामांचा प्रश्न तेवढा सोबत राहिला. आता मी निवृत्त आहे. पोरं परदेशात, ही गेली. अजूनही हजेरीच्या वेळेला उठतो आणि बुटांना पॉलिश करतो. ते घालून जायचं कुठं, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही.