दोन बोटांची फट

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बेटावरच्या आमच्या गावात चिखलाच्या रंगाची माणसं उतरतात. आपण पक्ष्यांना दिसू नये म्हणून ती तसले कपडे घालतात. पक्ष्यांचं मला माहीत नाही, पण आम्हाला ती पलीकडच्या टेकडीवरूनही दिसतात. चर्चकडे पाठ, समुद्राकडे पाठ आणि तोंड मिठागराकडे. तीन पायांच्या दुर्बिणीला डोळा लावून तासन् तास उभी. एका वर्षी गुड फ्रायडेची मिरवणूक त्यांच्यामागून गेली. फुलांनी मढवलेली येशूची शेज, मेणबत्त्या, रडणाऱ्या बायका, सगळं गाव. त्यांच्यातल्या एकानं मागे वळून आम्हाला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

माझ्या भाड्यानं द्यायच्या सहा खोल्या त्यांच्यावर चालतात, म्हणून मी त्यांना हसत नाही. निदान एप्रिलमध्ये तरी नाही.

इग्नातिस माझा सख्खा मामा. पण सगळं गाव त्याला बारबा, म्हणजे काका, म्हणतं, तशी मीही म्हणते. एकतीस वर्षं तो मिठागरात होता. काम सांगायला सोपं आहे. खाडीचं पाणी पहिल्या वाफ्यात घ्यायचं, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं पुढे सोडत जायचं. ऊन ते आटवत नेतं आणि सप्टेंबरात शेवटच्या वाफ्यात मीठ उरतं. पाणी सोडायला प्रत्येक बांधात एक उघाडी असते, म्हणजे खाली-वर सरकणारी जाड लाकडी फळी. या फळ्या खाली-वर करण्यात बारबाचा जन्म गेला. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, “पहाटे चिखलात जाणाऱ्याला मुलगी कोण देणार? आणि दिली, तरी ती बिचारी धुणार काय काय?”

तिसऱ्या वाफ्याची फळी त्याच्या नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात फुगली आणि नीट बसेना. खाली दोन बोटांची फट राहायला लागली. पाणी चौथ्या वाफ्यात निघून जायचं आणि तिसऱ्यात घोट्याएवढंच उरायचं. मुकादमानं शिव्या घातल्या. बारबा फळी तासायला म्हणून पहाटे गेला, तर त्या उथळ पाण्यात शेदीडशे पक्षी उभे. त्यानं फळी तासली, पण फट ठेवली. मीठ कमी पडू नये म्हणून चौथ्या वाफ्यावर दुप्पट राबला. कोणाला कळलं नाही. आमच्याकडे चांगलं काम झालं की ते कोणाला कळत नाही, आणि वाईट झालं की चर्चच्या पायरीवर त्याची चर्चा होते.

ही फट एकदा ठेवून भागत नाही. दक्षिणेचा वारा सुटला की खाडी चढते, तेव्हा तीन बोटं लागतात. उत्तरेचा सुटला की एक. पाऊस पडला तर तळहात उभा धरून. बारबा रोज पहाटे बांधावर पालथा पडून फटीत बोटं घालायचा आणि फळी सरकवायचा. पक्ष्यांची नावं त्याला येत नव्हती. शेकाट्यांना तो वकील म्हणायचा, कारण काळे कोट आणि लांब तांबडे पाय घेऊन ते सतत कुठे तरी उशीर झाल्यासारखे चालतात. छोट्या टिलव्यांना पोरंटोरं म्हणायचा.

“तुला आवडतात ना रे पक्षी?” मी एकदा विचारलं होतं.

“आवडायचंय काय त्यात? एकट्यानं काम करायला कंटाळा येतो. ते निदान मुकादमाबद्दल बोलत नाहीत.”

माझ्या चार नंबरच्या खोलीत वीस वर्षं दर वसंतात मिस्टर थॉर्नली उतरतो. इंग्लंडात शाळेचा मुख्याध्यापक होता, आता निवृत्त. आमच्या खाडीच्या पक्ष्यांवर त्यानं एक पुस्तक लिहिलंय आणि पुस्तक हातात घेऊनच बाकीचे येतात. तिसऱ्या वाफ्यावर त्यात अडीच पानं आहेत. थॉर्नलीच्या मते त्या वाफ्याच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा आहे आणि त्यामुळेच पक्षी नेमके तिथे उतरतात. झऱ्याचा नकाशाही काढलाय, तुटक रेघांनी. बारबा पुस्तकात नाही. एका फोटोत आहे, वकिलांच्या थव्यामागे, पुसट काळा डाग. त्याबद्दल थॉर्नली अजून हळहळतो. “मिर्सिनी, त्या कामगाराला सांगाल का, सकाळी बांधावर येऊ नको म्हणून? फार सुंदर चित्र होतं हो.” मी दर वर्षी सांगते म्हणायचे आणि दर वर्षी सांगायचे नाही.

गेल्या नाही, त्याच्या आधीच्या वसंतात, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी बारबा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी पावट्यांना फोडणी देत होते. त्यानं टोपी काढली. तो टोपी एक तर चर्चमध्ये काढतो, नाही तर दाताच्या डॉक्टरकडे.

“पोरी, मी एक तारखेला निवृत्त होतोय.”

“माहितीये. केक सांगितलाय.”

“केक राहू दे. नवा इंजिनियर लोखंडी फळ्या बसवतोय. मोटरवर चालणाऱ्या. बटण दाबलं की सगळ्या वाफ्यांत एकसारखं पाणी, गुडघाभर.”

“मग?”

“मग काय मग! गुडघाभर पाण्यात पोरंटोरं उभी राहतील का? बुडतील. तुझ्या थॉर्नलीला सांग. त्यानं लिहिलं तर कंपनी ऐकेल. माझं कोण ऐकतंय?”

“काय सांगू?”

“खरं ते. की ती फट मी ठेवतो.” आणि मग टोपी हातात फिरवत, माझ्याकडे न बघता, “एकदा कोणाला तरी माहीत असायला हवं.”

त्या रात्रीच्या जेवणाला मी त्याला थॉर्नलीच्या टेबलाशी बसवलं. दोघांमध्ये खारवलेल्या तारल्या आणि ऊझो दारूची बाटली ठेवली आणि सांगितलं. इंग्रजी मला गिऱ्हाइकांपुरतं येतं, पण हे नीट सांगितलं: फळी, फट, वारा, बोटं, एकतीस वर्षं. बारबा मधूनमधून दोन बोटं उभी करून दाखवत होता.

थॉर्नलीचे डोळे पाणावले. तो बायकोला म्हणाला, “मार्गारेट, लिहून घे. किती गोड! म्हणजे इथल्या लोकांची अशी समजूत आहे की पक्षी हा म्हातारा आणतो.”

“समजूत नाही,” मी म्हटलं.

“नाही, नाही, मी चेष्टा करत नाहीये. अशा गोष्टी जपायला हव्यात. पुढच्या आवृत्तीत चौकटीत घालू.” आणि तो उठला आणि बारबाचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

“काय म्हणाला?” बारबानं विचारलं.

“लिहून घेतलं म्हणाला.”

“झऱ्याचं काय?”

“झरा आहेच म्हणतो.”

बारबानं एक तारली उचलली, तिचं डोकं मोडलं आणि म्हणाला, “मास्तर आहे. डोळ्यानं दाखवल्याशिवाय नाही कळायचं.”

मंगळवारी पहाटे त्यानं तिसऱ्या वाफ्याची फळी पूर्ण खाली ठोकली. बुधवारी संध्याकाळी तिथे गुडघाभर पाण्याचा आरसा झाला होता. गुरुवारी मी ईस्टरची अंडी लाल रंगवत होते तेव्हा वाफ्यात एक बगळा होता आणि तोही चुकून आल्यासारखा. माझ्याकडे नाश्त्याला सगळ्यांचे चेहरे सुतकी. कोणी म्हणालं दक्षिणेचा वारा, कोणी म्हणालं ससाणा, कोणी म्हणालं जगाचं हवामानच बिघडलंय. दुपारी दोन जोडपी सामान बांधून बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेली.

मी रंगाच्या हातांनीच मिठागरावर गेले.

“माझ्या खोल्या रिकाम्या केल्यास! ऐन ईस्टरला! लाज नाही वाटत?”

“आता सांग त्याला,” बारबा शांतपणे म्हणाला. “आता कळेल.”

मी जाऊन सांगितलं. पक्षी गेले कारण इग्नातिसनं उघाडी बंद केली. या वेळी थॉर्नलीनं ‘गोड’ म्हटलं नाही. त्यानं काटा खाली ठेवला. “म्हणजे एका कामगारानं त्या फळीला हात लावला?”

“हो. पण तो रोजच...”

“आणि एका हातानं एवढा विध्वंस झाला!”

माझं उरलेलं वाक्य त्यानं ऐकलं नाही. आणि मी ते दुसऱ्यांदा बोलले नाही, हेही लिहायला हवं. त्या क्षणी तो इतका चिडला होता, आणि चिडलेला थॉर्नली पत्रं लिहितो, आणि मला पत्रं हवी होती. मला वाटलं, वाफा तर वाचेल. नावाचं नंतर बघू.

शुक्रवारी बारबानं फळी पुन्हा दोन बोटं उचलली. शनिवारी वकील परतले. थॉर्नलीनं ते वारा फिरल्याचं लक्षण मानलं. पण पत्र गेलं होतं, त्रेचाळीस सह्यांनिशी, सात देशांतल्या: तिसरा वाफा निसर्गाच्या हवाली करावा, आणि त्याच्या उघाडीला यापुढे कोणत्याही माणसाचा हात लागू नये. कंपनीला आनंदच झाला. एक मोटर वाचली आणि वर्तमानपत्रात कौतुक आलं. चौथ्या वाफ्याला पाणी बाजूच्या पाटानं नेलं. एप्रिलच्या तीस तारखेला उघाडीशेजारी पाटी लागली: नैसर्गिक पाणथळ. फळीस हात लावल्यास दंड.

पाटीचा खांब बारबानंच रोवला. कंपनीतलं त्याचं ते शेवटचं काम. खांब त्यानं चांगला खोल रोवला. कशातच हयगय करणं त्याला जमत नाही.

केक कापताना मी म्हटलं, “वाचला ना वाफा?”

“वाचला. आता त्याला कोण वाचवणार?”

हिवाळ्यात पाऊस झाला आणि निसर्गानं आपलं काम चोख केलं. फेब्रुवारीत तिसरा वाफा काठोकाठ भरला. बारबा रोज कॉफीच्या दुकानाच्या काचेतून बघायचा आणि पत्ते चुकीचे टाकायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला.

“तुझी ती माणसं जाताना कपडे विसरतात ना? एखादा कोट आहे का? त्यांच्यातला. चिखलाचा.”

मी कपाट उघडलं. सहा खोल्यांमध्ये वीस वर्षांत बरंच काही राहून जातं. एक कोट त्याला बरोबर बसला, चौदा खिशांचा. वर रुंद काठाची टोपी दिली. आरशात बघून तो म्हणाला, “आता माझा मीही मला ओळखणार नाही. बरं झालं.” दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे बांधावर जायला लागला. कंपनीच्या पहारेकऱ्यानं एकदा लांबून बघितलं आणि अदबीनं हात हलवला. मिठागराचा कोट घालून तो गेला असता तर त्याला धरलं असतं.

एप्रिलमध्ये वाफ्यात पुन्हा घोट्याएवढं पाणी होतं. थॉर्नली विसाव्यांदा आला. येताना नवी आवृत्ती घेऊन आला. चौकटीत म्हातारा होता, नाव नव्हतं. झऱ्याचा नकाशा आता रंगीत होता.

तिसऱ्या सकाळी मी त्याला रस्त्यावर कॉफी द्यायला गेले, तर तो दुर्बिणीला चिकटून फणफणत होता. “मिर्सिनी, या इकडे. आमच्यातलाच कोणी तरी आहे! पाटीच्या पलीकडे, फळीपाशी! लाज वाटते मला. बघा, ओळखता का? नाव मिळालं तर आजच तक्रार करतो.”

मी डोळा लावला. इतक्या वर्षांत त्या दुर्बिणीतून मी पहिल्यांदा बघत होते. बारबा इतका जवळ होता की त्याच्या मानेवरच्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या. तो बांधावर पालथा पडला होता आणि त्याचा हात खांद्यापर्यंत उघाडीत होता. चौतीस वकील त्याच्याभोवती चरत होते, एक तर त्याच्या पायाला घासून गेला.

एकोणीस वर्षं थॉर्नली ज्याला फोटोतून घालवायला बघत होता, त्याला आता तो नावासकट वहीत घ्यायला तयार होता. माझ्या तोंडात ते नाव होतं.

“नाही,” मी म्हटलं. “परदेशी दिसतोय.”

“नक्की?”

“इथला माणूस असा कोट घालेल का?”

थॉर्नलीनं पुन्हा डोळा लावला. मग नाइलाजानं म्हणाला, “नालायक आहे, पण एक मानलं पाहिजे. एकसुद्धा पक्षी उडाला नाही. पक्ष्यांमध्ये असा वावरणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.” आणि वहीत वेळ लिहिली, सहा चाळीस, त्यापुढे: अनोळखी इसम, एक. त्याखाली: शेकाटे, चौतीस.

दुपारी मी बारबाला सगळं सांगितलं. तो कॉफीत ब्रेड बुडवत ऐकत होता. कौतुकाचा भाग त्यानं दोनदा सांगायला लावला.

“आणि तू काय म्हणालीस?”

“परदेशी आहे म्हटलं.”

त्यानं उरलेला ब्रेड संपवला. मी नजर चुकवली. मग तो म्हणाला, “बरोबर केलंस. पण मग मला गळ्यात ते डबडं हवं. त्यांच्यातला म्हणवायचं आणि गळा मोकळा, हे बरं दिसत नाही.”

कपाटात एक विसरलेली लहान दुर्बीण होती, एका डोळ्याची काच तडकलेली. ती दिली. दुसऱ्या दिवशी तो उशिरा परतला. पायांना चिखल, चेहऱ्यावर एरवी नसतो असला तजेला.

“काय रे, वकील बघत बसलास?”

“वकील काय, रोजचेच.” त्यानं दुर्बीण जपून टेबलावर ठेवली. “रस्त्याकडे वळवली होती. तुझी माणसं सतरा आहेत. तुझा थॉर्नली डावीकडून तिसरा. जाड झालाय गं. आणि तो एकटाच काही खात नव्हता. त्याला दोन अंडी जास्त देत जा.”