चार प्रतिक्रिया, फोटोसह

लोक मला विचारतात, "ताई, तुमच्याकडे एवढे किस्से येतात तरी कुठून?" अहो, येतात कुठून हा प्रश्नच नाही, जात नाहीत हा प्रश्न आहे! रोज सकाळी वाटतं, आता या लोकांचं बोलून संपलं असेल. दुपारपर्यंत कुणीतरी भेटतं आणि डोकं फिरवून जातं. नवरा ऐकून ऐकून कंटाळला. टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून आता तुम्ही ऐका.

मी जळगावच्या एका दैनिकात काम करते. माझ्याकडे खातं आहे प्रतिक्रियांचं. दिल्लीत बजेट मांडलं, मुंबईत कुणी पक्ष बदलला, कुठल्या मोठ्या कंपनीचा घोटाळा निघाला, की साहेबांची, म्हणजे आमच्या संपादकांची, केबिनमधून हाक येते, "ताई, चार प्रतिक्रिया, फोटोसह!"

मग मी फोन फिरवते. फोटोंची चिंता नाही. जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक हौशी माणसाचा पासपोर्ट फोटो आमच्या प्रवीणच्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. प्रवीण म्हणजे पानं लावणारा आमचा ऑपरेटर. काही फोटो इतके जुने की माणसाला टक्कल पडलं, तरी पेपरात त्याचा भांग शाबूत आहे.

*

धुळ्याचे आप्पा हे आमचं हक्काचं गिऱ्हाईक. राजकीय कार्यकर्ते. फोन एका रिंगमध्ये उचलणार.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पान छपाईला लवकर सोडायचं असतं, म्हणून प्रतिक्रिया आदल्या दिवशीच घेऊन ठेवायच्या. बजेट अजून मंत्र्यांच्या बॅगेत असतं आणि इकडे 'शेतकऱ्यांना दिलासा' आणि 'सामान्यांची निराशा' दोन्ही टाइप करून तयार!

तर मी आप्पांना फोन केला. "आप्पा, उद्याच्या बजेटवर दोन ओळी द्या."

"दोन्ही लिहून ठेवा ना ताई. आपला पक्ष सत्तेत असला तर स्वागत, नसला तर निषेध."

"आप्पा! तुमचा पक्ष सत्तेत आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही?"

"संध्याकाळच्या मीटिंगनंतर सांगतो!"

*

एकदा यावलच्या बसस्टँडवर गेले होते. विषय होता, 'माध्यमांवर लोकांचा विश्वास उरला आहे का?' असले विषय साहेबांना एसीत बसून सुचतात. मी आपली उन्हात.

फलाटाच्या कडेला एक काका बसले होते. केळीच्या बागेतून काम आटपून आलेले, कपड्यांना चिकाचे काळे डाग. त्यांनी मला अहिराणीत धारेवरच धरलं. "मीडिया बठ्ठा विकाई गया! एक पेपर वाचासारखा राहिना नही!"

मी बघते तर काकांच्या बुडाखाली आमचाच पेपर. ताजा, त्या दिवशीचा!

म्हटलं, "काका, मग हा विकत कशाला घेतला?"

"हाऊ बसाले लिन्हा," काका म्हणाले. "वाचाले मोबाइल शे ना!"

मी ते तसंच्या तसं लिहून दिलं. साहेबांनी कापलं.

*

आता सुमनअक्कांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

अक्का अंगणवाडीत सेविका होत्या, आता रिटायर. त्यांचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधे, चौपदरी रस्त्याला लागून. गावाचं नाव मी सांगणार नाही, विचारूही नका. गाव रस्त्याच्या एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. पूर्वी डिव्हायडरला मधे कट होता, त्यातून पोरं शाळेत जायची. रस्ता करणाऱ्या कंपनीने काम संपवताना तो कट बुजवून टाकला. पुढचा कट पार पेट्रोलपंपापाशी. एवढं लांब कोण जातं? पोरं दप्तर पलीकडे फेकायची आणि डिव्हायडरवर चढून उडी मारायची. दोन्हीकडून ट्रक. एका पोराचा पाय मोडला तेव्हा चार दिवस गावाने आरडाओरड केली, मग सगळे आपापल्या कामाला लागले. अक्का लागल्या नाहीत. त्यांची नात तिसरीत होती.

अक्का थेट ऑफिसात आल्या. पिशवीतून पासपोर्ट फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. "पोरी, तू बठ्ठा जगन्या प्रतिक्रिया छापस. मन्ही एक छाप. मन्हं नाव टाक, त्या कंपनीनं बी नाव टाक."

मी टाकलं. साहेबांनी बातमी वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले. त्या कंपनीची दिवाळीत आम्हाला पानभर जाहिरात असायची. सकाळी पेपरात छापून आलं, 'संबंधित कंपनीने संबंधित ठिकाणी योग्य ती दखल घ्यावी, अशी संबंधितांची मागणी आहे.'

अक्कांचा फोन आला. "माय, हाई कोणत्या गावनी बातमी शे?"

कपाळ माझं!

*

मी ठरवलं, एकटीच्या नावाला साहेब घाबरतात, तर आणखी चार नावं गोळा करू. वजनदार माणसं हवीत. पहिला फोन लावला दोंडाईच्याच्या शेठना. त्यांची डाळमिल आहे आणि मालाच्या गाड्या रोज त्याच रस्त्याने जातात.

शेठ आमचे आणखी एक फोटोवाले. आदल्याच आठवड्यात मुंबईच्या कुठल्याशा बड्या कंपनीच्या घोटाळ्यावर त्यांनी मला इतकी कडक प्रतिक्रिया दिली होती की निम्मी मलाच मवाळ करावी लागली. "मालकाला भर चौकात उभा करा! उद्योगपती असला म्हणून काय झालं? कुणीतरी बोललंच पाहिजे!"

म्हटलं, "शेठ, आता आपल्या इथल्या रस्त्याच्या कंपनीवर बोला."

फोनवर खाकरल्याचा आवाज. "ताई, प्रश्न गंभीर आहे. लहान मुलांचा आहे. मी तीव्र निषेध करतो. तुम्ही असं करा, प्रतिक्रिया छापा, माझा तो नवा फोटो पाठवलाय तोही छापा, चांगला आलाय. फक्त नाव नका टाकू!"

*

कंपनीची बाजू घ्यायला नको का? घ्यायला हवी. मी त्यांच्या साइटवरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आम्हाला रस्ते विभाग सांगेल तसं आम्ही करतो." रस्ते विभागात गेले. तिथले साहेब म्हणाले, "देखभाल कंपनीकडे आहे, त्यांना विचारा." परत कंपनी. "वरून ऑर्डर पाहिजे." परत विभाग. "त्यांच्याकडून प्रस्ताव आला पाहिजे." माझी स्कूटी या दोन ऑफिसांमधली वाट डोळे मिटून जाऊ लागली!

मग कंपनीने एकदाचं काहीतरी केलं. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात त्या शाळेतल्या मुलांना हेल्मेट वाटली.

पायी जाणाऱ्या पोरांना! हेल्मेट! तीही मोठ्या माणसांची. पोरांची तोंडं हनुवटीपर्यंत आत गेलेली. व्यासपीठावरून कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, "नागरिकांनीही आपली जबाबदारी ओळखावी." आमच्याकडे फोटो पहिल्या पानावर, आणि या वेळी कंपनीचं नाव चांगलं ठळक!

मी अक्कांना फोन केला, म्हटलं कशा आहेत पोरं?

"बरी शेत," अक्का म्हणाल्या. "आते हेल्मेट घालीसन चढतस."

त्या दिवशी मला डबा गेला नाही. खरंच सांगते. मी प्रवीणवर ओरडले, ज्याचा काही दोष नव्हता.

*

हेल्मेटचा फोटो मोबाइलवर फिरला आणि एक टीव्हीवाला पोरगा गाडी घेऊन गावात धडकला. अंगात जॅकेट. आमच्याकडे एप्रिल महिना.

त्याने अक्कांना डिव्हायडरपाशी उभं केलं. "आजी, जरा संतापून बोला. हात वर करून. सरकारला जाब विचारताय असं वाटलं पाहिजे."

अक्का म्हणाल्या, "बोलस ना. पयले तू वलांडी दाखाड."

कॅमेरा चालू, सगळं गाव बघतंय, नाही कसं म्हणणार? बिचारा चढला. घट्ट जीन्स, वर चढला पण पाय पलीकडे जाईना. डिव्हायडरवर घोड्यावर बसल्यासारखा बसला. दोन्ही बाजूंनी ट्रकवाले हॉर्न मारून चाललेले. शेवटी हेल्मेटवाल्या दोन पोरांनी त्याला धरून उतरवलं.

रात्री बातमी लागली. 'आमच्या प्रतिनिधीचा जीव धोक्यात घालून ग्राउंड रिपोर्ट!' त्यात ना अक्का, ना शाळा, ना कंपनी. आमच्या शेठनी मला ती क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, 'यालाच म्हणतात निर्भीड पत्रकारिता.'

*

आणि मग तो घोळ झाला.

आमदारांच्या पीएचा फोन आला की साहेब दुपारी त्या गावात कार्यक्रमाला जाणार आहेत आणि स्टेजवरून कट मंजूर झाल्याची घोषणा करणार आहेत. आमचं ग्रामीण पान दुपारीच सुटतं. मग काय, नेहमीची रीत. मी सकाळीच बातमी लिहिली, 'अखेर कट मंजूर, ग्रामस्थांत आनंद', आणि प्रतिक्रिया गोळा करायला बसले. इतके दिवस ज्यांनी नाव द्यायला नकार दिला, ते सगळे रांगेत! शेठ म्हणाले, "आता नाव टाका, मोठ्या अक्षरात टाका." आप्पा म्हणाले, "आमच्या पाठपुराव्याला यश!" फक्त अक्का म्हणाल्या, "माय, डोयाले दिसू दे, मग सांगसू."

पान सुटलं. आणि आमदारांना ऐनवेळी मुंबईहून बोलावणं आलं. कार्यक्रम रद्द, घोषणा नाही, मंजुरी तर मुळात कुठल्याच कागदावर नव्हती. पीए आम्हाला कळवायला विसरला.

सकाळी आमचे साहेब केबिनमध्ये येरझारा घालत होते. "खुलासा छापा! उद्याच्या उद्या!"

खुलासा लिहायला बसले, तर फोन थांबेनात. गावात पेढे वाटले गेले होते. आप्पांनी धुळ्याहून बॅनर लावायला माणसं पाठवली होती. विरोधी पक्षाचे लोक फोनवर भांडत होते की निवेदन आम्ही दिलं, फोटो आप्पांचा कसा? आणि दुपारी खुद्द आमदारांचा फोन. "ताई, बातमी छान आली. लोकांचे आभाराचे मेसेज येताहेत."

"साहेब, पण ते मंजूर..."

"हो हो, मंजूर आहे ना, पेपरात आलंय!"

आमदारांनी कंपनीला विचारलं, काम कधी सुरू करताय? कंपनीला वाटलं, विभागाने ऑर्डर काढली. विभागाला वाटलं, कंपनीला मुंबईहूनच आदेश आला. आपण विचारायला गेलो तर आपल्यालाच माहीत नाही हे उघडं पडेल, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. त्याच आठवड्यात जेसीबी आला. डिव्हायडर फोडला, कट मोकळा केला, दोन्हीकडे गतिरोधक टाकले, पांढरे पट्टेसुद्धा मारले! माझा खुलासा साहेबांनी आमदारांचा फोन आला त्याच दुपारी हळूच स्वतःच्या ड्रॉवरमध्ये सरकवला होता.

*

शाळा सुटायच्या वेळेला मी गावात गेले. ट्रक गतिरोधकापाशी हळू होत होते. पोरं ओळीने चालत इकडे येत होती, दप्तरं पाठीवर, डोकी उघडी. अक्का रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. नात आली तसा तिचा हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक खरी प्रतिक्रिया, घडून गेल्यानंतरची, माझ्यासमोर उभी होती.

मी वही काढली. म्हटलं, "अक्का, आता बोला. मी साहेबांशी भांडून आलेय. तुमचं नाव टाकते, फोटो टाकते, कंपनीचं नाव टाकते. कोणी काय केलं आणि काय नाही केलं, सगळं जसंच्या तसं छापते."

अक्कांनी इकडेतिकडे बघितलं. मला हाताला धरून झाडामागे नेलं आणि माझी वही स्वतःच्या हाताने मिटली.

"काहीच छापू नको व माय," त्या हळूच म्हणाल्या. "हाऊ कट कोणीच मंजूर कया नही, हाई त्यास्ले समजनं, ते परत बंद करी टाकतीन."