ओगावा-सानांची अकरा गाणी

"ओगावा-सान सकाळी गेले," असा त्यांच्या इमारतीच्या मॅनेजरचा फोन आला, तेव्हा मी जपानात, कावासाकी शहरातल्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. त्याला आता दीड महिना झाला. लिहायला बसलोय ते नुसतं त्यांचं कौतुक करायला नाही. माझ्या हातून जो घोळ झाला तो कुणाला तरी सांगायला हवा.

स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवर ते कामाला होते. सत्तरी उलटलेली, डाव्या कानाची पाळी तुटकी. मी रोज सायकल लावायचो, ते मान लववायचे, एवढीच ओळख. मला पुण्यापासूनच जुन्या ब्लूज गाण्यांचं वेड. एका रविवारी इंटरनेटवर, ब्लूजच्या शौकिनांच्या एका साइटवर, एका जुन्या जपानी रेकॉर्डचं कव्हर दिसलं. गिटार घेतलेला तरुण, आणि कान तोच. दुसऱ्या दिवशी कव्हर छापून नेलं. ओगावा-सानांनी ते हातात घेतलं. "हा मेला असं मी धरून चाललो होतो," म्हणाले. आणि मी दीडशहाणा, त्यांना न विचारताच, हे जिवंत आहेत, इथेच आहेत, असं त्या साइटला कळवून मोकळा झालो.

मग काय, शौकीन मंडळी आली, छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाले. सगळ्यांना हवं ते एकच, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या रेकॉर्डवरचं, बंदरावरच्या हमालाचं गाणं. कवळीमुळे आवाज फार स्वच्छ येतो, अशी एकाने तक्रार केली. ओगावा-सान कवळी काढून गायले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर मधल्या वर्षांत त्यांनी अकरा नवी गाणी रचली होती. कागदावर एक अक्षर नाही, सगळं डोक्यात. कुणी न्यायलाच न आलेल्या सायकलींवर एक, बायकोच्या शेवटच्या आजारपणावर एक. "जोशी-सान, एवढी राहायला हवीत," ते म्हणाले. मी तेव्हा प्रोजेक्टमध्ये गळ्यापर्यंत बुडालेलो. म्हणून माझा जुना मिनीडिस्क रेकॉर्डर त्यांना दिला आणि क्लायंटला देतो तशा सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. हे बटण दाबा, गा, मग ते बटण दाबा. महिन्याभराने ते हसत म्हणाले, "अकराही झाली. आता कधीही बोलावणं आलं तरी चालेल." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अंत्यविधीनंतर त्यांच्या पुतणीने मशीन परत दिलं. डिस्क कोरी होती. काही केल्या काही निघेना, तेव्हा तिलाच विचारलं, काका हे वापरायचे कसं? "गाणं संपलं की लगेच भिंतीतला प्लग काढायचे. टीव्हीचाही काढायचे. उगाच वीज वाया जाते ना." स्वतःचा आवाज ते परत कधी ऐकत नसत... बॅटरी मेलेलं ते मशीन वायरवरच चालायचं. रेकॉर्डिंग थांबवल्यावर ते काही सेकंद डिस्कवर नोंद लिहितं, तेवढ्यात वीज तुटली की केलेलं सगळं जातं. मला हे माहीत होतं. इथली म्हातारी माणसं प्लग काढून ठेवतात, हेही इतकी वर्षं बघत होतो. 'जरा थांबा' एवढी एक ओळ लिहायची राहिली.

"त्यांना कळलं तरी नाही, सुखात गेले," असं माझी बायको मेधा म्हणते. खरंय. माझं मात्र काही समाधान होत नाही. त्या साइटवर त्यांची माहिती आहे, शेवटी लिहिलंय की त्या रेकॉर्डनंतर त्यांनी एकही नवं गाणं रचलं नाही. मी कळवलं, हे चूक आहे, अकरा रचली. दुसऱ्याच दिवशी फार नम्र उत्तर आलं. रेकॉर्डिंग पाठवा, लगेच दुरुस्त करतो.