सरकीचं जॅकेट

मेघा लग्न होऊन आमच्या आंजीत आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मीराबाईची म्हैस दावं तोडून पळाली. घरातले माणसं नुसते "अरे धर, अरे धर" करून राह्यले होते. नव्या नवरीनं साडीचा ओचा खोचला, अंगणातून सुसाट सुटली अन् नाल्याच्या अलीकडंच म्हशीचं दावं पकडलं. मी भिंतीवरून पाहून राह्यली होती. मीराबाईले म्हटलं, "बाई, तुमच्या सुनेले घरात कोंडू नका, वाया जाईल."

मी सुलोचना. मीराबाईच्या भिंतीले लागून माझं घर, ओसरीत शिलाई मशीन. गावात म्हणतात सुलोचनाबाईचं तोंड लय तिखट. असू द्या. माझी शिवण उसवलेली कोणी दाखवावी अन् मंग बोलावं.

मेघा वडनेरची. माहेरी कबड्डी खेळे. तिच्या मनात एकच होतं, पोलिसात लागायचं. एका भरतीत धावण्यात थोडक्यात राह्यली. पुढच्या भरतीच्या वेळी गुंजन पोटात होती. आताची भरती निघाली तेव्हा वयाच्या हिशोबानं ही तिची शेवटचीच. यात नाई झालं तं संपलं, पुन्हा फॉर्मच भरता येणार नाई. तिचा नवरा अनुप बुटीबोरीले गाडी चालवते, रविवारी घरी येते. तो म्हणे, "तू धाव, पोरीले आई पाह्यते." बाकी गावातले लोक दात काढत. लेकरूवाली बाई अन् पोलीस! मेघा त्यायले तोंडावर सांगे, "हसून घ्या. उद्या चौकात हेल्मेट नसलं का मीच पकडणार."

तयारी करून घ्यायले अनुपचे काका होते, प्रेमदासजी. फौजेतून रिटायर झालेले. गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पोरापोरीयले पळवत. त्यायचा एक कायदा होता. वजन अंगावर घालून धावायचं अन् ग्राउंडच्या, म्हणजे भरतीच्या मैदानी परीक्षेच्या, दिवसापावतर ते उतरवून धावायचं नाई. "एकदा हलकं धावलं का अंग लाडावते," ते म्हणत. "वजन उतरवायचं ते मैदानात."

मंग मेघा माझ्याकडं आली. अनुपच्या जुन्या जीन्सचं मी जॅकेट शिवलं, पुढं-मागं चौकोनी खिसेच खिसे. आधी रेती भरली. ती शिवणीतून झिरपे, पाठीले घासे, पोरीची कातडी सोलून निघाली. मीराबाईनं पाह्यलं अन् म्हशीसाठी आणलेलं सरकीचं, कापसाच्या बियांचं, पोतं ओढत आणलं. म्हणे, "हे भर. नरम राह्यते, टोचत नाई." सरकी हलकी, म्हणून आम्ही ठासून-ठासून भरली अन् खिशांचे तोंडं पक्के शिवून टाकले. मेघानं ते घातलं तं गादीले हात-पाय फुटल्यासारखी दिसे. आम्ही तिघी हसून-हसून बेजार.

सुरवातीले पोरगी अशी धावली का प्रेमदासजी घड्याळ पाहून मिशीत हसत. मंग काय झालं कोणास ठाऊक, तिचा टाइम घसरायले लागला. आज थोडा, परवा आणखी. उन्हाळा चढत होता, आम्हाले वाटलं उन्हानं. मीराबाईनं तिले दूध वाढवलं, उसळी खाऊ घातल्या. काही उपयोग नाई. प्रेमदासजीचं मिशीतलं हसणं बंद झालं, तेव्हाच समजलं, मामला गंभीर हाये.

ग्राउंड दोन आठवड्यांवर आलं तेव्हा एका दुपारी मेघा माझ्या ओसरीत आली. हातातलं जॅकेट धपकन मशीनवर टाकलं.

"काकू, उसवा हे. पिशव्या शिवा याच्या, बाजाराले कामात येतील."

"काऊन व?"

"होत नाई आता. पाय उचलत नाई. माझं वय झालं, काकू. रविवारी अनुप आला का सांगते त्याले, मी जाणार नाई म्हणून. नापास होऊन घरी यायचं अन् लोकायचे तोंडं पाह्यचे, त्यापेक्षा जाऊच नये."

अन् ती रडली. म्हैस पकडणारी माझी मेघा, तोंडाले पदर लावून रडली. मले असा राग आला, तिचा नाई, कोणाचा तेही माहीत नाई. म्हटलं, "बरं, उसवते," अन् तावातावानं जॅकेट उचलायले गेली तं ते उचललंच नाई!

"अव माय! मेघा, यात काय दगड भरले तू?"

"सरकीच तं हाये."

मी दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतलं. मांडी थंडगार पडली. हे तं ओलं! नाक जवळ नेलं तं गव्हाणीसारखा वास. कात्री घेतली, एका खिशाची शिवण कापली. आत पाह्यते तं काय, सरकी फुगून टम्म झालेली अन् तिले मोड आलेले! पांढरे-पांढरे कोंब एकमेकांत गुंतलेले. एका खिशात तं दोन पिवळट पानं दुमडून बसली होती, उजेड दिसायची वाट पाहत.

"हे ओलं कसं झालं?"

"आई धुतात न. घामाचं राह्यते म्हणून एक दिवसाआड बालटीत बुचकळतात." मेघा डोळे पुसत म्हणाली. "थंड लागे, बरं वाटे उन्हाचं, म्हणून मी काही म्हटलं नाई."

मी भिंतीवरून मीराबाईले आवाज दिला. ती आली, खिशात बोट घालून मोड पाह्यले.

"पिळता येत नव्हतं वो," ती म्हणाली, "म्हणून तसंच गोठ्यात सावलीले टाकत होती. जीन्सचा रंग उडू नये म्हणून."

"मीराबाई, म्हशीची सरकी तुम्ही रोज रात्री भिजवता. सकाळी ती किती फुगते, मले सांगता. अन् हे नाई समजलं?"

"ते म्हशीचं खाणं," मीराबाई कळवळून म्हणाली. "हा तं कपडा होता!"

मंग तिले हुंदका आला. "पोरी, माझ्या हातानं बुडवलं मी तुले."

मेघा तिच्याकडं पाहत राह्यली. मंग जॅकेटकडं. अन् एकाएकी हसायले लागली, रडता-रडता हसायले लागली. "आई, म्हणजे मी एवढं घेऊन धावत होती? रोज?"

प्रेमदासजीले बोलावलं. त्यायनं जॅकेट उचललं, परत ठेवलं, परत उचललं. फौजी माणूस, कायदा म्हणजे कायदा. पण दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच म्हणाले, "मेघा, आज बिनवजनाची धाव." मी अन् मीराबाई रस्त्याच्या कडेले उभ्या होतो. मेघा निघाली अन् पहिल्याच वळणावर अडखळली, कारण पाय तिच्या अंदाजाच्या आधीच पुढं पडून राह्यले होते. मंग सावरली. मंग दिसलीच नाई, नुसती धूळ. परत आली तेव्हा प्रेमदासजीनं घड्याळ पाह्यलं, कानाले लावलं, बंद तं नाई पडलं म्हणून.

वर्ध्याच्या ग्राउंडवर मीराबाई हट्ट करून गेली. आत सोडत नव्हते, तं तारेच्या कुंपणाले धरून उभी राह्यली. धाव सुटली अन् दुसऱ्या चकरीले तिची सून सगळ्या कवळ्या पोरींच्या पुढं निघून गेली. मीराबाई ओरडली, "माझी सून हाये ते!" बाजूचा शिपाई म्हणाला, "आजी, हळू." ती म्हणाली, "हळू काऊन? ते हळू धावून राह्यली का?"

लेखी पेपरातही पास झाली. मेघा लागली. तिचे वर्दीचे शर्ट-पँट सैल होते, ते मीच बसते केले, सांगून ठेवते.

आता गावच्या भरतीवाल्या पोरी माझ्याकडं जॅकेट शिवायले येतात. शिवून झालं का भिंतीपलीकडं जातात अन् लाडीगोडी लावतात, "आजी, एकदा बालटीत बुचकळून द्या न वो. तुमच्या हातचं पाहिजे."

मीराबाई म्हशीपुढची सरकी सारखी करत राह्यते, मान वर करत नाई.

"जा व," ती म्हणते. "तेवढं वजन माझ्या सुनेले झेपलं. तुम्ही कोरडंच घाला."