शाळा नसलेल्या घरातली नाताळची सुट्टी

वसुधाताई शेवडे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावे, असे त्यांच्या थोरल्या कन्येने, मुक्ताने सुचवले. "साळवी बाई, आईवर सगळ्यात जास्त तुम्हीच चिडलेल्या आहात. तुम्हीच लिहा," असे ती फोनवर म्हणाली. मुलगी खरे तेच बोलली. वीसेक वर्षे मी वसुधाताईंची शेजारीण आहे आणि एवढ्या काळात त्यांनी मला जितका ताप दिला, तितका माझ्या वर्गातल्या कुठल्याही द्वाड मुलाने दिला नाही. इतर मान्यवर त्यांच्या कार्याविषयी लिहितीलच. शेजारी राहून काय भोगावे लागते, ते मी लिहिते.

नाचणे रस्त्याच्या आतल्या बाजूला आम्ही घर बांधून राहायला आलो, तेव्हा डिसेंबर चालू होता. मी रत्नागिरीतल्याच एका शाळेत गणित शिकवत असे. नाताळची सुट्टी लागली, म्हणून ओळख करून घ्यायला शेवड्यांकडे गेले. पडवीभर माडाच्या झावळ्या पसरल्या होत्या आणि शाळेच्या वयाच्या दोन मुली सुरीने पाती सोलून हीर काढत बसल्या होत्या. वसुधाताईंनी "या, बसा हो" म्हटले आणि पाणी विचारण्याआधी माझ्या हातात हिरांची जुडी आणि दोरा दिला.

"एवढी टोकं बांधा बघू. दारात टांगायची चांदणी करतोय. माझे हात खळीने चिकट झालेत."

मी आपली नवी शेजारीण, मुकाट्याने टोके बांधू लागले. बांधता बांधता विचारले, "मुली कुठल्या शाळेत आहेत?"

"कुठल्याच नाही. घरीच शिकतात."

"मग आज अभ्यास नाही वाटतं?"

"आज कसला? नाताळची सुट्टी आहे ना!"

शाळाच नाही, तर सुट्टी कशाची? गणितात माझी हयात गेली, पण हे उदाहरण मला अजून सुटलेले नाही.

त्या घराची सुट्टी नाताळाला सुरू होते आणि संक्रांतीला संपते. तेवढे दिवस पुस्तक बंद आणि बाजारही बंद. सणासाठी, भेटीसाठी, घरासाठी जे लागेल ते सगळ्यांनी हातांनी करायचे. हिरांच्या चांदण्या, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, नारळाच्या करवंट्यांचे दिवे. बघ्याची भूमिका कोणालाच मिळत नाही. मुंबईहून चार दिवस विश्रांतीला आलेले त्यांचे दीर मी त्या पडवीत करवंट्या घासताना पाहिले आहेत. परत जाताना त्यांच्या बोटांना पट्ट्या होत्या.

या सगळ्यावर कळस म्हणजे हलवा. संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करायला कोरडी थंडी लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. आमच्याकडे पहाटे जरा गारवा, की नऊ वाजता घाम. त्यात समुद्राची दमट हवा. तरीही वसुधाताई दर वर्षी मंद शेगडीवर परात ठेवतात, तिळावर चमचा चमचा पाक सोडतात आणि तासन्‌तास बोटांनी फिरवत बसतात. काटा येण्याऐवजी हलव्याला पाझर फुटतो. मग तो बिनकाट्याचा, चिकट, काळपट हलवा आम्ही सर्वांनी "छान झालाय" म्हणून खायचा. एका वर्षी न राहवून मी पुण्याहून उत्तम हलव्याचा पुडा मागवला आणि त्यांना दिला. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले.

"सुरेख आहे. कुणी केला?"

"कुणी म्हणजे? मशीनवर होतो आता."

"मग मशीनला कळवा हो, छान झालाय म्हणून." एवढे बोलून त्या पुन्हा परातीकडे वळल्या.

मुलींच्या शिक्षणावरून मी त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडले. मुलींना समवयस्कांची संगत हवी, परीक्षेची सवय हवी, वेळापत्रक हवे. त्या शांतपणे ऐकत आणि शेवटी "चहा घेणार ना?" असे विचारत. याच्याइतके संताप आणणारे उत्तर मी ऐकलेले नाही.

मुक्ता तेरा वर्षांची असताना एका दुपारी माझ्याकडे आली. पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, मला शाळेत जायचंय. तुम्ही सांगा ना आईला."

"तू सांग. मी बरोबर येते," मी म्हटले. मनातून मला अत्यानंद झाला होता, हे कशाला लपवू?

वसुधाताई गोधडीला टाके घालत होत्या. मुक्ताने एका दमात सांगून टाकले. सुई थांबली.

"कधीपासून वाटतंय?"

"दिवाळीपासून."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. मग वसुधाताई म्हणाल्या, "वाटलं वाईट. वाटायचं ते वाटून झालं. जूनपासून जा. दप्तर मात्र मी शिवणार."

त्यांनी खरोखर दप्तर शिवले. त्याला इतके कप्पे होते, की माझ्या तासाला ती पोर कंपास शोधत राही आणि तो सापडेपर्यंत माझे उदाहरण फळ्यावर सोडवून होई.

मुक्ताने शाळेचे सांगितले, त्याच संध्याकाळी वसुधाताई आमच्या कुंपणाशी आल्या. मी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी हळूच विचारले, "बाई, माझं चुकलं का हो?"

या प्रश्नाचे उत्तर मी कित्येक वर्षे तयार ठेवले होते, मुद्देसूद. पण आईच्या तोंडावर "मला शाळेत जायचंय" म्हणू शकणारी मुलगी मी माझ्या वर्गांत फारशी पाहिली नव्हती. ती हिंमत तिला त्याच घरात मिळाली होती. "नाही चुकलं," मी म्हटले, आणि एवढे तयार केलेले भाषण वाया गेले म्हणून रात्री जेवताना आमच्या यांच्यावर विनाकारण खेकसले. धाकटी रेवा घरीच शिकली आणि दहावीला बाहेरून बसली. दोघी आपापल्या पायांवर उभ्या आहेत. वसुधाताई त्याचे श्रेय घेत नाहीत, त्यामुळे वाद घालायची तीही सोय राहिलेली नाही.

काही वर्षांपूर्वी गणपतीनंतर आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आयुष्यभर इंजिने उघडून बसवलेली. उजवा हात गेला, बोलणे जड झाले. घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू डाव्या हाताने भिरकावून देत. मी सांगून, रडून, ओरडून थकले होते.

अशात डिसेंबर आला आणि वसुधाताई तिळगुळाची गरम परात घेऊन थेट यांच्या खोलीत शिरल्या.

"भाऊ, उठा. लाडू वळायचेत. थंड झालं की वळत नाहीत."

माझा तोल गेला. "वसुधाताई, माणूस आजारी आहे. तुमची सुट्टी तुमच्या घरी ठेवा!"

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिले नाही. परात पलंगावर ठेवली आणि स्वतः वळू लागल्या. बऱ्याच वेळाने यांनी मान वळवली. डावा हात पुढे आला. झाला तो नुसता वेडावाकडा गोळा. वसुधाताईंनी तो उचलून निरखला.

"हा लाडू? कुणाला मारलात तर टाळकं फुटेल हो."

"वसुधाताई!" मी ओरडले.

"आजारी आहेत म्हणून वाईट लाडवाला चांगला म्हणू? भाऊंनी कधी बिघडलेल्या गाडीला चांगली म्हटलं का?"

यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. मला वाटले, रडतात. जवळ जाऊन पाहिले तर हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा. मग अडखळत म्हणाले, "दुसरा... करतो."

संक्रांतीपर्यंत त्या रोज आल्या. लाडू झाल्यावर चांदण्यांची पाळी आली, तेव्हा त्यांनी अट घातली, की दोऱ्याचे टोक उजव्या हाताने धरता येईल त्या दिवशी पडवीत यायचे. त्या रागाने यांनी चेंडू दाबायला घेतला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. उजव्या हातात आजही पाना धरवत नाही. पण दोरा धरवतो. हे आता काठी टेकत शेवड्यांच्या पडवीत जातात, जेवायची वेळ झाली तरी उठत नाहीत आणि यांचा डबा मला तिथे पोचवावा लागतो. डबा घेऊन गेले, की माझ्याही हातात काहीतरी दिले जाते. आमच्या दिवाणखान्यात इतक्या चांदण्या लोंबतात, की पंखा लावायची सोय उरलेली नाही.

वसुधाताईंचे आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "भाऊंच्या गाठी पक्क्या असतात, म्हणून बोलावते."

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. वसुधाताईंचा रक्तदाब वाढला आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या डब्यात ठेवतात आणि तुळस, आले घालून केलेला काढा पितात. या ग्रंथात अनेकांनी त्यांना दीर्घायुष्य चिंतले असेल. मीही मनापासून चिंतते. त्यांनी ऐंशी, नव्वद, शंभर वर्षे ठणठणीत राहावे, दर हिवाळ्यात ती पडवी माणसांनी भरलेली असावी आणि आम्हां दोघांना त्यात जागा असावी. त्यासाठी त्यांनी रोज सकाळी ती गोळी घ्यावी. हात जोडून सांगते, वसुधाताई, ती घरी करता येत नाही.