मामंजींचा पक्का रंग

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा रसायनशास्त्राची पदवी माझ्याबरोबर आली होती. सासरी तिचं काय करायचं हे मात्र कोणालाच सुचत नव्हतं. मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, सूत आणि लुगडी रंगवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागचे दगडी हौद आणि दोन भट्ट्या. "आपला रंग पक्का" हे ते इतक्यांदा म्हणत की पाहुण्यांनाही पाठ झालं होतं.

एका सकाळी शेजारच्या काकू तांब्याभर पाणी घेऊन आल्या. आमच्या हौदांचं पाणी झिरपून त्यांच्या विहिरीत उतरलं होतं आणि तांब्यातलं पाणी चक्क गुलाबी होतं. काकू भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की घरधन्यांची पांढरी धोतरं गुलाबी व्हायला लागलीत आणि बाजारात लोक त्यांना विचारतात, घरी लग्न आहे का. मामंजींनी त्यांना आमच्या नळावर पाणी भरायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले.

"सुनबाई, तू एवढी शिकली. आता काढ हा रंग."

मी हौदातलं पाणी काचेच्या बरणीत घेतलं. तुरटी फिरवली, उकळून पाहिलं, उन्हात ठेवलं. रंग जागचा हलला नाही. मामंजींनी तोंडदेखली हळहळ व्यक्त केली, पण मनातून ते भलतेच खूश होते.

मग मला कॉलेजातला प्रयोग आठवला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन निघतो आणि क्लोरीन रंग खातो. सुतावर रंग चढावा म्हणून आमच्या हौदात मीठ घालतच. यजमानांनी मालट्रकवाल्या मित्राची बॅटरी आणली. टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कोळशाच्या कांड्या मी तारांना जोडून बरणीत सोडल्या. बुडबुडे निघाले, ब्लीचिंग पावडरसारखा वास सुटला आणि दुपारपर्यंत पाण्याचा रंग पार उडाला.

मामंजींचं म्हणणं पडलं की तो रंग धुवून निघालेला, म्हणजे कच्चाच होता. खरा रंग असा जायचा नाही. त्यांनी खांद्यावरचा स्वतः रंगवलेला लाल पंचा काढला, त्याचं टोक बरणीत सोडलं आणि जेवायला बसले. जेवणं आटोपून आम्ही परत आलो, तर टोक कोऱ्या मांजरपाटासारखं झालेलं.

नळावर पाणी भरायला आलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. "भाऊजी, तुमच्या पक्क्या रंगाले हे काय झालं?"

मामंजींनी टोक पिळून पंचा परत खांद्यावर टाकला. "रंग पक्काच हाय," ते म्हणाले. "सून जरा जास्त पक्की निघाली."

पण बरणी म्हणजे हौद नव्हे. तेवढ्या पाण्यातच बॅटरी बसली आणि मित्राचा ट्रक ढकलायला अर्धी गल्ली लागली. शिवाय रंग गेला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही, हेही मला सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. शेवटी हौदांना आतून सिमेंट लावलं, सांडपाण्याचा खड्डा पार दुसऱ्या टोकाला नेला आणि काकूंची विहीर उपसून काढली. तरी तिचं पाणी नितळ व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला.

अंजनगावचे व्यापारी आले की मामंजी माल दाखवायच्या आधी मला हाक मारत आणि सांगत, "हे आमची सून. आमी रंग चढवतो, हे उतरवते." व्यापाऱ्यांना त्यातलं काही कळत नसे. ते सौदा मोडेल या भीतीने मान डोलावत.